प्रणितानं जिंकलेला वाद

बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी नापसंत करावं, एवढंच प्रणिताला पाहिजे होतं. औरंगाबादेत एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता, पण वडिलांचा, केदारनाथांचा, एकच हेका: आधी पाहुणे येऊन जाऊ दे, जमलं न्हाई तर जा खुशाल. मग काय, जमूच द्यायचं नव्हतं तिला. मुलाचे वडील, वडवणीचे कापडवाले ईश्वरप्पा, लई कर्मठ, असं तिनं ऐकलं होतं. चहा देता देता माकडाचा विषय काढायचा, म्हातारा भडकून थेट गावच्या, लिंबागणेशच्या, स्टँडवर गेला पाहिजे, असा तिचा बेत.

ईश्वरप्पा आले. कपाळावर भस्माचे पट्टे. शेजारी मुलगा वीरेश, मिठाची गुळणी धरून बसलेला.

"काय शिकलीस?"

"प्राणिशास्त्र. आपले पूर्वज माकडासारखेच होते, ते."

आईनं तोंडाला पदर लावला. केदारनाथांच्या बशीतला चहा सांडला. पण म्हातारा उठतोय कशाचा! उलट मांडी घालून सरसावून बसला.

"असं? मग पहिला जीव कुठून आला, सांग."

"माहीत न्हाई."

"संपलं!" ईश्वरप्पांनी मांडीवर थाप मारली. "पाया कुठाय ते ठावं न्हाई, आन् निघाले माडी दाखवायला! सगळा डार्विन खोटा."

आता इथं पोरीनं गप बसावं की न्हाई? म्हातारा खुशीत नावं ठेवून गेला असता आणि ही औरंगाबादच्या गाडीत बसली असती. पण छे! बाईसाहेबांचं डोकंच सणकलं.

"काका, तुमचं दुकान पहिल्यांदा कुणी टाकलं?"

"आज्याच्या आदीचं कुणाला ठावं? कुणी म्हणतं बिदरकडून आलो, कुणी म्हणतं लातूरकडून."

"विकायचे काय?"

"धोतरं, लुगडी. मग टेरिकॉट आलं. आता पोरं केबल बघून जीन्स मागतेत."

"आणि धोतरं?"

"खपत न्हाईत तर कशाला भरू? खपतं तेच परत आणायचं."

"म्हणजे पहिलं दुकान कुणी टाकलं ते माहीत न्हाई, म्हणून धोतराच्या जागी जीन्स आलीच न्हाई, म्हणायचं का? पहिला जीव कसा आला, हा प्रश्न खराच हाय. शोधणारे शोधतेत. पण तो आल्यावर पुढं बदल कसे झाले, ते डार्विन सांगतो. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे ऊन, दुष्काळ, भूक. जो टिकला त्याची पिल्लं पुढं."

ईश्वरप्पांनी मांडीवरचा हात काढून घेतला. अहाहा, काय बरं वाटलं प्रणिताला!

मग म्हातारा खदाखदा हसला. "केदारनाथ, आमचं हे पोरगं गिऱ्हाइकापुढं तोंड उघडीत न्हाई. गल्ल्यावर अशीच पाहिजे! आणा सुपारी, आत्ताच फोडू."

सुपारी फुटली की सोयरीक पक्की. प्रणिता घाईनं पुढं झाली.

"पण माझं एम.एस्सी.…"

"आता काय शिकायचं राहिलं बाई तुझं?" ईश्वरप्पा कौतुकानं म्हणाले, आणि केदारनाथ अडकित्ता आणायला आत पळाले.