मालकाचा मोबाईल

ओट्यावरून गॅसची भरलेली टाकी चोरीला गेली आणि किरणने संशय घेतला तो ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या बायांवर. कामिनीच्या डोक्यात तिडीक गेली ती तिथपासून.

किरण हा तिचा धाकटा दीर. जळगावात पतपेढीत नोकरीला. रावेरजवळच्या या घरी तो यायचा सणावाराला, नाहीतर शहाणपणा शिकवायला. कामिनीचा नवरा हितेंद्र केळीची गाडी घेऊन दिल्ली-पंजाबकडे जायचा. तो गाडीवर असला की घरात दोघंच, ती आणि तिचे सासरे भटू आबा. पडवीत तिचं शिलाई मशीन होतं. दुपारी गावातल्या बाया मापं द्यायला यायच्या, घटकाभर बसायच्या, हसायच्या. एवढंही किरणच्या डोळ्यांत खुपत होतं.

"दिवसभर इतकी वर्दळ असल्यावर टाकी जाणारच," तो आबांना म्हणाला. "आपण कॅमेरा बसवू. पडवीत. कोण येतं, कोण जातं, मला जळगावात बसल्या बसल्या दिसेल."

मला दिसेल! त्या 'मला'ने कामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. पडवीत दार लोटून बाया पदर बाजूला करतात, हात वर करतात, तिथे हा डोळा लावणार, आणि तो डोळा उघडणार दिराच्या खिशात. एकीला जरी कळलं तरी दुसऱ्या दिवशी पडवी ओस पडेल. मशीन तिने माहेराहून आणलं होतं आणि गिऱ्हाईक एकेक करून जोडलं होतं. साध्या बांगड्या घ्यायच्या तरी तिला कोणापुढे तोंड वेंगाडावं लागत नव्हतं, ते या पडवीच्या जिवावर.

"बाया येणार नाहीत भाऊ," ती म्हणाली.

"नाही आल्या तर नाही आल्या. तुम्हाला घरात काय कमी आहे वहिनी?"

आबांनी मान डोलावली. किरण शिकलेला, त्यामुळे तो बोलला की आबांची मान आपोआप हलायची. कामिनी दात-ओठ खात चुलीपाशी गेली. कॅमेरा घ्यायला आबा जळगावला निघाले तेव्हा मात्र ती चपला घालून दारात उभी राहिली. "मीबी येते," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

दुकान शेहजादभाईंचं होतं. किरण आधीच येऊन बसला होता आणि त्याने वायरवाला, गरागरा फिरणारा एक कॅमेरा पसंतही करून ठेवला होता. शेहजादभाईंनी आबांना विचारलं, "लाइट किती वेळ असते तुमच्याकडे?"

"असते तवा असते," आबा म्हणाले.

"मग हा वायरवाला कामाचा नाही. लाइट गेली की आंधळा. तुम्ही हा घ्या, बॅटरीवरचा." त्यांनी मुठीत मावेल असा पांढरा कॅमेरा पुढे ठेवला. "यात सिम टाकायचं. एरवी झोपलेला असतो. समोर काही हललं की जागा होतो आणि मोबाईल वाजवतो. बॅटरी उतरली की काढून चार्ज करायची."

"आवाज येतो का याच्यातून?" किरणने विचारलं. "आणि इथून बोललेलं तिकडे ऐकू जातं?"

"जातं की. चांगला मोठा स्पीकर आहे. चोर दिसला की बसल्या जागेवरून ओरडा."

"म्हणजे नको ते कोणी आलं तर इथूनच हाकलता येईल," किरण म्हणाला आणि हसला. नको ते म्हणजे कोण, हे कामिनीला बरोबर कळलं. तिचे कान तापले.

"ओट्याच्या खांबाला लावला, फाटकाकडं तोंड करून, तर?" तिने विचारलं.

"फाटकापलीकडे काय आहे ताई?"

"केळीचा बाग."

"मग अवघड आहे. वाऱ्यावर पानं हलतील, हा सारखा जागा होईल आणि बॅटरी उतरेल."

"ऐकलंत ना आबा?" किरणने मांडीवर थाप मारली. "आत पडवीतच बरा."

केळीच्या पानांनीही दिराचीच बाजू घेतली म्हणायची! पण कामिनी हटली नाही. "खाली वाकवला तर? पानं दिसायलाच नकोत. फाटकाचं दार आणि ओटा, बस."

शेहजादभाईंनी कॅमेरा हातात तिरका धरून पाहिला. "मग उत्तम. कुठे हललं की जागा व्हायचं तेही मोबाईलवर आखून देता येतं. पण ते मालकाच्या हातात."

"मालक तर गाडीवर हायेत, पंजाबले," कामिनी सवयीने बोलून गेली.

शेहजादभाई हसले. "ते मालक नाहीत ताई. ज्याच्या मोबाईलला हा पहिल्यांदा जोडायचा, तो कॅमेऱ्याचा मालक. बाकी सगळे पाहुणे. मालकाने दाखवलं तर पाहुण्यांना दिसतं, नाही दाखवलं तर नाही."

किरणने मोबाईल पुढे केलाच होता. कामिनीने त्याच्या हाताशेजारी काउंटरवर आपला मोबाईल आपटला.

"वहिनी, तुम्हाला काय समजतं त्यातलं?"

ती त्याच्याशी बोललीच नाही. आबांकडे वळली. "आबा, टाकी कुठून गेली? घरातून का ओट्यावरून?"

"ओट्यावरून."

"मग घरात कॅमेऱ्याचा डोया कायले लावू राह्यले हे? चोर पाहाचा हाये का मले पाहाचं हाये?"

"दुकानात तमाशा नको," किरण दबक्या आवाजात म्हणाला.

"घरात बोलली तवा कोनं आयकलं?"

आबांनी किरणचा पुढे आलेला हात बाजूला सारला. मग शेहजादभाईंना म्हणाले, "तिच्याच मोबाईलले जोडा. घरात ती राह्यते."

कॅमेरा खांबावर बसला, फाटकाकडे मान वाकवून. त्यालाही दिसू दे, असं आबा म्हणाले म्हणून कामिनीने किरणला पाहुणा करून घेतलं. त्याचा फोन आला तो तक्रारीचाच. नुसतं फाटक दिसतं, याला काय अर्थ आहे? कामिनी हूं म्हणाली आणि काजाबटणाला लागली. राग मात्र गेला नव्हता. खांबाकडे लक्ष गेलं की तो पुन्हा वर यायचा.

एका रविवारी दुपारी शेजारच्या धुरपदाबाई माप द्यायला आल्या. भाच्याचं लग्न होतं. आणखी दोघी सतरंजीवर बसल्या होत्या. आबा बागात गेले होते. मशीनवरचा मोबाईल वाजला. कोणी बाई आली असेल म्हणून कामिनीने पाहिलं नाही. तो पुन्हा वाजला, तेव्हा टेप गळ्यात टाकून तिने तो उचलला.

पडदाभर किरणची हनुवटी होती. स्टुलावर चढून तो स्क्रू ढिला करत होता. चित्र हललं, फाटक बाजूला सरकलं आणि पडवीचं लोटलेलं दार दिसायला लागलं. धुरपदाबाईंनी ते पाहिलं आणि घाईघाईने पदर ओढून घेतला. त्या पदराने कामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार तीन पावलांवर होतं. पण तिने माइकचं बटण दाबलं.

"कोन हाये रे? पुन्हा टाकी न्यायले आला का?"

स्पीकर खरंच मोठा होता. ओट्यावरून आवाज गल्लीत गेला. "चोर! चोर!" करत शेजारचे दोघे-तिघे धावत फाटकाशी आले.

"मी आहे वहिनी, मी!"

"मी कोन?"

"किरण."

"असं का, पाव्हने! मंग दारानं या ना. खांबावर कायले चढले?"

फाटकाशी कोणीतरी खो-खो हसलं. कामिनी हसली नाही. तिने पाहुण्यांमधलं किरणचं नाव काढून टाकलं आणि मोबाईल मशीनवर ठेवला. माइक बंद करायचं रागाच्या भरात राहूनच गेलं.

गळ्यातला टेप ओढून ती धुरपदाबाईंकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हात वर करा."

धुरपदाबाईंनी हात वर केले. बाहेर स्टुलावर किरणनेही केले.