निशिगंधानं रचलेला पाळणा

मार्गशीर्षातलं धुकं कोल्हापुरावर उतरतं ते गुऱ्हाळांचा गंध पांघरून. शुभ्र, संथ, गोडसर धुकं. त्यात तळं हरवतं, तळ्याकाठची झाडं हरवतात, रस्ता हरवतो, रस्त्यावरचा माणूस हरवतो. मग पूर्वेकडून एक केशरी तिरीप येते आणि हरवलेलं जग एकेक करून परत जागेवर ठेवत जाते. आधी कडा. मग आकार. मग रंग.

कलामहाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी बसून, निशिगंधा हे परतणं रोज पाहायची. झाड धुक्यातून वर आलं की तिला वाटायचं, कोऱ्या कागदावर अक्षर उमटतंय.

ती उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला होती. आणि ती जन्मापासून बहिरी होती.

बाकीच्यांना आवाज आधी भेटतो, अक्षर मागाहून. निशिगंधाला अक्षरच आधी भेटलं. आजऱ्याच्या शाळेत तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या. ‘प’ म्हटलं की पट्टी जराशी थरथरे, ‘फ’ म्हटलं की फडफडून उडे. ‘म’साठी बाई तिचं बोट आपल्या नाकाच्या दांडीवर टेकवायच्या, तिथं भुंगा बसल्यासारखी गुणगुण लागे. ‘ह’ म्हणजे तळहातावर पसरलेली ऊब. असा तिला एकेक वर्ण कळला. कानांनी नव्हे, कागदानं, बोटानं, त्वचेनं.

म्हणून अक्षर तिच्यासाठी निर्जीव खूण नव्हतं. ‘ळ’ला वजन होतं, ‘झ’ला काटे होते, ‘ल’ला गुडघे होते. वेलांटी कुठं वळते आणि कुठं थकते, काना कुठं ताठ उभा राहतो आणि कुठं उगीच ऐट करतो, हे ती क्षणात हेरायची.

तिचं काम बघायला खालच्या वर्गांतली मुलं दाराशी गोळा व्हायची. ती मजकुराचं पान रचायची आणि भिंतीवर उलटं टांगायची. मग लांब जाऊन, पापण्या अर्ध्या मिटून, बघत राहायची. उलट्या पानात शब्द वाचता येत नाहीत. दिसतात ती फक्त शब्दांमधली अंतरं. एखाद्या ओळीत पांढरं भोक पडलेलं दिसलं की ती पुढं यायची, दोन अक्षरांना केसभर जवळ घ्यायची, पुन्हा मागं जायची. पुन्हा बघायची. वेणी घालणाऱ्या आईची बोटं जशी शेवटच्या पेडापर्यंत सैल होत नाहीत, तशी तिची नजर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत सैल होत नसे.

टायपोग्राफी शिकवणाऱ्या इनामदार मॅडमनी त्या हिवाळ्यात वर्षाचं मोठं काम दिलं. फळ्यावर लिहिलं, आणि निशिगंधाकडे तोंड करून सावकाश बोलल्याही : “तुमच्या घरात फक्त गायलं जाणारं, कधीच न छापलेलं असं काहीतरी शोधा. त्याचं पुस्तक करा. चित्र नको. फक्त अक्षरं. आणि वाचणाऱ्याला ते ऐकू आलं पाहिजे.”

वर्गातल्या माना नकळत एका खिडकीकडे वळल्या.

मॅडमच्या लक्षात आलं. तास संपल्यावर त्या तिच्या बाकाशी आल्या. “तुझ्यासाठी मी दुसरा विषय देते. मार्कांना काही फरक पडणार नाही.”

निशिगंधाच्या गालांवर रक्त चढलं. तिनं फोनवर टाइप केलं आणि फोन मॅडमपुढं धरला.

“मला हाच विषय पाहिजे.”

आजरा डोंगरांच्या ओंजळीत आहे. घाटाच्या माथ्यावर निळाई, उतारावर काजूची बनं, तळाशी भाताची कापलेली, सोनसळी खाचरं. निशिगंधाची आई शालन काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायची. काजूच्या तेलानं तिच्या बोटांची टोकं कायमची काळवंडली होती. काळवंडलेली, चरबरीत, पण मायेनं ओथंबलेली ती बोटं लेकीशी बोलायची. त्या दोघींनी मिळून हातांची एक घरगुती भाषा केली होती, जी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कुणालाच येत नव्हती.

हा विषय घेऊन निशिगंधा घरी आली, तेव्हा परसात दुपारचं ऊन पसरलं होतं. आई लसूण सोलत होती. निशिगंधा समोर बसली आणि हातांनी, ओठांनी, आपल्या त्या सपाट, कच्च्या आवाजानंही विचारलं, “आई, मी लहान असताना तू गायचीस?”

आईची बोटं थांबली.

“कुणी सांगितलं तुला?”

“मावशी म्हणाली. पाळणा म्हणायचीस. तुझा तूच जुळवलेला.”

आईनं मान फिरवली. मान फिरवली की तिचे ओठ दिसत नसत, आणि ओठ दिसले नाहीत की निशिगंधासाठी ती दूर देशी जाई. निशिगंधानं उठून, वळसा घालून, पुन्हा तिच्या समोर बैठक मारली.

मग आई बोलली. सावकाश, ओठ नीट दाखवत. “दीड वर्साची होतीस. डाक्टर म्हणालं, पोरीला ऐकू येत न्हाई. त्या दिशी घरी आले, तुला पाळण्यात घातली, आणि तोंड उघडलं तर आवाजच निघंना. कुणासाठी गाऊ गं? त्या दिसापासनं न्हाई गायले मी.”

लसणाच्या पाकळ्या तशाच पडून राहिल्या.

“पण तू निजायचीस!” आईच्या डोळ्यांत अचानक एक जुना अचंबा चमकला. “गाणं सुरू केलं की लगेच निजायचीस. म्हणून तर मला इतकं दिस कळलंच न्हाई. छातीवर घेऊन म्हणायचे, आणि तू गप डोळं मिटायचीस. न ऐकणारं पोर गाण्यानं निजंल व्हय?”

निशिगंधानं आपला तळवा उचलला आणि आईच्या छातीवर, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांपाशी, अलगद टेकवला.

“इथनं ऐकत होते मी,” ती म्हणाली.

आईच्या चेहऱ्यावरून एक सबंध ऋतू सरकून गेला. मग तिनं डोळे मिटले, आणि एवढ्या वर्षांनी ती गायली.

*सांजेनं लाविली गं चांदण्याची वात,*
*निजलं पाखरू, निजली गं वाट,*
*निजला डोंगर, निजला गं घाट,*
*तू का गं जागी, माझी…*

निशिगंधाच्या तळव्याखाली झरा फुटला. ‘सांजेनं’वर तो संथ होता, ‘चांदण्या’पाशी त्याला भोवरा पडला, ‘निजली’वर तो खोल गेला, ‘गं’वर लांबत, लांबत, वाळूत जिरला. प्रत्येक ‘निजलं’नंतर छाती थोडी वर येई, थांबे, आणि हळूच खाली उतरे. शेवटच्या ओळीत ‘माझी’ आलं आणि झरा थबकला. तिथं बाळाचं नाव येतं. आईचा गळा हलला, कंप गोळा झाला, पण नाव बाहेर आलं नाही. पापण्यांखालून पाणी आलं. छाती तशीच, श्वास भरलेली, अडलेली.

निशिगंधानं हात काढून घेतला नाही. त्या अडलेल्या श्वासाची लांबीही तिनं तळव्यात साठवली.

कोल्हापुराला परतल्यावर तिनं झपाटल्यासारखं काम केलं. कागदांचे थर साचले. तिनं अक्षरं लाटांवर चढवली, झोक्यासारखी वाकवली. ‘डोंगर’ महाकाय केला, ‘पाखरू’ चिमुकलं केलं. ‘गं’ला लांबच लांब शेपूट दिलं. पानं देखणी झाली. अलंकृत, झगमगीत, चतुर. वर्गातली मुलं वाहवा करत राहिली.

इनामदार मॅडमनी पानं चाळली आणि चष्मा काढला. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे गाण्याचं सजवलेलं चित्र झालं. गाणं कुठाय?”

निशिगंधाचा चेहरा विझला. ती संध्याकाळी तळ्याकाठी जाऊन बसली. पाण्यावर तांबूस उजेड होता. एक बगळा पंख हलवून उडाला, मग पंख न हलवता तरंगला, मग पुन्हा एकदा हलवून पुन्हा तरंगला. ती पाहत राहिली. उडणं पंखांच्या फडफडीत होतं, तेवढंच त्या न हलण्यातही होतं. आपण सगळी फडफड छापली, तिच्या ध्यानात आलं. तरंगणं छापायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळे अलंकार उतरवले. अक्षरांचा एकच टंक ठेवला, साधा, गोल पोटाचा, मऊ वळणांचा. एकच आकार. एकच काळी शाई. आता तिच्या हाती उरली ती केवळ मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेला तिनं श्वास शिकवायला घेतला. ‘निजलं पाखरू’ पानाच्या वरच्या अंगाला, आणि खाली जिरत जाणारी शुभ्रता. ‘निजली गं’ आणि ‘वाट’ यांच्यामध्ये एवढंच अंतर, जेवढी आईची छाती थांबली होती. समास रुंद, कुशीसारखे. ओळी पानागणिक किंचित खाली येणाऱ्या, पेंगणाऱ्या पापण्यांसारख्या. वाचणाऱ्याचा डोळा धावू लागला की समोर शुभ्रता येई, आणि डोळ्याला पाऊल हळू टाकावंच लागे.

शेवटी ती ‘माझी’पाशी आली. ‘तू का गं जागी, माझी’ हे शब्द डाव्या पानावर बसले. उजव्या पानावर तिनं काहीच छापलं नाही.

“इथं छापायचं राहिलंय गं,” शेजारच्या बाकावरचा मुलगा खुणेनं म्हणाला.

मॅडमही त्या पानाशी अडल्या. “नाव नाही घातलंस?”

निशिगंधानं फोनवर लिहिलं, “आई इथं थांबली.”

मॅडमनी ते वाचलं. पुस्तक मिटताना त्यांनी दोन्ही हात वापरले, झोपलेलं काहीतरी खाली ठेवावं तसे.

वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी दालनभर ऊन सांडलं होतं. भित्तिचित्रं, बोधचिन्हं, वेष्टनं, रंगांचा नुसता कल्लोळ. कोपऱ्यातल्या मेजावर त्या छोट्या, पांढऱ्या पुस्तकाच्या दोन प्रती. आई आजऱ्याहून आली होती, मोरपंखी साडी नेसून. काळवंडलेली बोटं तिनं पदरात लपवली होती. पुस्तक तिनं नुसतं लांबून पाहिलं. जवळ जायला तिचं पाऊल धजत नव्हतं. एवढ्या लोकांत आपलं परसातलं गाणं, आपला अडलेला गळा, उघडा मांडलेला.

तेवढ्यात एक तरुण बाई मेजाशी आली. खांद्यावर मूल. दुपारच्या उन्हानं कावलेलं, मुठी आवळून रडणारं मूल. त्याचा लालबुंद चेहरा निशिगंधाला दिसत होता, रडणं ऐकू येत नव्हतं. बाईनं एका हातानं त्याला थोपटत दुसऱ्या हातानं पान उलटलं.

तिचे ओठ हलू लागले.

निशिगंधानं श्वास रोखला. तिला ओठ वाचता येत होते. *सांजेनं लाविली गं.* ओठ थांबले. जिथं शुभ्रता होती तिथंच थांबले, आणि जेवढी होती तेवढेच थांबले. *चांदण्याची वात.* बाईची मान लवली. पुढच्या पानावर तिचं थोपटणं मंद झालं. त्याच्या पुढच्या पानावर ती डोलू लागली. तिला आपण डोलतोय हे ठाऊकही नव्हतं.

मग ती त्या कोऱ्या पानाशी आली. थबकली. मुलाकडे पाहिलं. आणि हसून, त्याच्या कानाशी ओठ नेऊन, काहीतरी म्हणाली. ओठ मुलाच्या जावळात लपले होते. निशिगंधाला वाचता आलं नाही.

तिनं आईचा दंड धरला. “काय म्हणाली? आई, काय म्हणाली ती?”

आईचे डोळे भरून आले होते. पदरातली बोटं बाहेर आली होती. “आपल्या लेकराचं नाव घातलं गं तिनं,” आई म्हणाली. “राजवीर म्हणाली. आणि ‘का गं जागी, माझी’चं ‘का रे जागा, माझा’ केलं.”

निशिगंधा हसली. मोठ्यानं, मोकळी, दालनातल्या चार माना वळतील एवढी. आणि आई, जी आयुष्यभर लेकीच्या आवाजावर लोक वळले की संकोचायची, ती या वेळी लेकीबरोबर हसली.

“बरं झालं तू नाव न्हाई छापलंस,” आई म्हणाली. मग ती मेजाशी गेली, दुसरी प्रत उचलली आणि आपल्या काळ्या बोटांनी पहिलं पान उघडलं.

त्या बाईच्या खांद्यावरची मूठ उलगडली. पाच इवलाली बोटं, पहाटेच्या पाकळ्यांसारखी, एकेक करून सुटली. मान कलली. डोळे मिटले. बाईनं ओठांवर बोट ठेवून भोवती पाहिलं. आणि जवळचा माणूस बोलता बोलता थांबला, त्याच्या पलीकडची मुलगी चवड्यांवर चालू लागली, कुणी खुर्ची सरकवायची ती उचलून ठेवली, कुणी दाराशी येणाऱ्यांना हातानंच ‘सावकाश’ म्हणालं. एकामागून एक ओठ मिटत गेले, एकामागून एक हात बोलू लागले. निशिगंधा पाहत होती. ज्या शुभ्र, अथांग, निःशब्द प्रदेशात ती जन्मापासून एकटी राहत होती, त्या प्रदेशात आज सगळं दालन पाय न वाजवता आत येत होतं; हळू, हळू, एका निजलेल्या बाळासाठी.