मोठ्या साहेबांच्या आवाजासाठी हॉल

हॉलचं जाड दार आमच्यामागे आपोआप बंद झालं आणि दहा सेकंदांत मला ती शिट्टी ऐकू आली. छतातल्या एसीच्या जाळ्यांमधून येणारी, बारीक, न थांबणारी. पाण्याला उकळी फुटायच्या आधी किटली वाजते तशी. मी दादाकडे बघितलं. दादा छताकडे बघत होता आणि चक्क खूश होता.

"वा!" तो म्हणाला. "हॉल एकदम शांत आहे."



दादा माझा सख्खा भाऊ. तीस वर्षं झाली, कार्यक्रमांना माईक, स्पीकर, पडदे पुरवतो. मी नोकरी करते त्या कंपनीचे कार्यक्रम माझ्याकडे असतात, आणि गेल्या अकरा वर्षांत त्याला विचारल्याशिवाय आम्ही एकही हॉल ठरवलेला नाही. आमचे साहेब कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण दादाचं ऐकतात.

यंदा मामला नाजूक होता. कंपनी उभी करणारे मोठे साहेब निवृत्त होताना चारशे माणसांसमोर शेवटचं बोलणार होते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज अगदी धाग्याएवढा उरलाय. हॉलच शिट्टी वाजवत बसला तर तो धागा कुणाला सापडणार? म्हणून सकाळपासून साहेब, दादा आणि मी वणवण करत होतो. पहिल्या हॉलमध्ये ऐन मध्यावर खांब. दुसऱ्यात पडद्यावर थेट ऊन. तिसऱ्यातली सामानाची लिफ्ट एवढीशी की स्पीकर सोडाच, मी आणि माझी पर्सच त्यात जेमतेम मावलो. हा चौथा, आणि आज ठरवल्याशिवाय सुटका नव्हती.

आता खरं सांगते. दादाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमात माईकने अशी काही किंकाळी फोडली की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि हा गृहस्थ स्पीकरशेजारी बसून शांतपणे वायर गुंडाळत होता. मी धावत जाऊन माईक बंद केला. "वायर सैल होती," असं सगळ्यांना सांगितलं. त्यालाही तेच सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक हॉल बघताना मी त्याच्यासोबत असते. काही खटकलं की भुवई उडवते, आणि तो लगेच "जरा गडबड वाटतेय," म्हणतो. यावर आम्ही कधी चकार शब्द बोललो नाही. घरी वहिनीही दाराची बेल वाजली की "कुणीतरी आलंय बरं का," असं उगाच मोठ्याने म्हणते.

पण आज माझी भुवई उडायच्या आधीच तो बोलून बसला होता. आणि साहेबांसमोर बोलला होता.

"दादा म्हणाले म्हणजे झालं," साहेब म्हणाले. हॉलवाल्या बाईंनी लगेच फाइल उघडली. त्या आत आल्यापासून एक क्षण गप्प बसल्या नव्हत्या, आणि ते का, हे मला आता कळत होतं. त्यांच्या बडबडीत साहेबांना शिट्टी ऐकूच येत नव्हती.

शिट्टीचं नाव घ्यायचं नाही आणि हॉल तर नको. मी दुसरी खोट शोधायला लागले.

"छत खाली वाटतंय," मी म्हटलं. "मागच्यांना पडदा दिसायचा नाही."

दादाने टेप काढली, खुर्चीवर चढला, मापं घेतली. "साडेचौदा फूट. आरामात दिसेल."

"प्रोजेक्टरसमोरून माणसं जातील."

"प्रकाश मागून मारू की. पडद्यामागे वीस फूट जागा आहे."

"विजेचे पॉइंट कमी आहेत."

"अगं, इथे तर आपल्याला लागतात त्याच्या दुप्पट आहेत!"

मी सुटकेचं एकेक दार शोधायचे आणि हा भला माणूस मापं घेऊन ते बंद करायचा. त्याचा इतका राग आला मला! आणि तो इतका मन लावून काम करत होता की रडूही येत होतं. चारी बाजूंनी कापड लावलेल्या भिंती, खिडकी एकही नाही. कुणाला सांगावं, कसं सांगावं?

"हा एसी बंद करता येतो का हो?" मी शेवटी बाईंना विचारलं.

"सगळ्या इमारतीचा एकच आहे," त्या घाईने म्हणाल्या. "आणि चारशे माणसं आत असल्यावर बंद कशाला करायचा?"

"आज तुझं काय बिनसलंय?" साहेब वैतागले. त्यांनी पेन काढलं. "कुठे सही करू?"

मी दादाकडे बघितलं. खूण वगैरे करायची नव्हती, नजर आपोआप गेली. तो खुर्चीवरून खाली उतरत होता, तो तसाच थांबला. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग छतातल्या जाळ्यांकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"ठमे," तो म्हणाला, "इथे आवाज येतोय का?"

सगळ्यांसमोर. तीस वर्षांत त्याने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, लोक त्याला विचारायचे. नाही म्हटलं तर तो वाचणार होता. हो म्हटलं तर मोठे साहेब.

"सांग ना," तो म्हणाला.

"हो, दादा. येतोय. शिट्टीसारखा, बारीक. सारखा येतोय."

दादाने मान हलवली आणि तो साहेबांकडे वळला. "सही करू नका. मोठ्या साहेबांचा आवाज यात बुडेल."

"पण तुम्हीच तर शांत म्हणालात."

"मला ऐकू आला नाही. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. दोन वर्षं झाली."

"मग इतके दिवस हॉल कसे..."

"टेपने मोजून. आणि अलीकडे हिच्या तोंडाकडे बघून."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. ते चिडले नाहीत, ते मला जास्त लागलं. "बाहेर बोलू," एवढंच म्हणाले. बाई फाइल मिटून त्यांच्यामागे गेल्या आणि दार पुन्हा बंद झालं.

दोन वर्षं. मी सहा महिने स्वतःला शहाणी समजत होते. तो दोन वर्षं एकटा आत कोंडलेला होता आणि मी बाहेरून कडी लावून राखण करत बसले होते.

दादा टेप गुंडाळत होता. "सहा महिने भुवया उडवतेयस," तो म्हणाला. "एकदा तोंडाने विचारायचंस ना."

"तू चिडला असतास."

"चिडलो असतो," दादा म्हणाला. "मग?"