परतीच्या नळीचं भोक

कमळाकर काविळीनं गेला तेव्हा शेलू गावच्या घरात त्याची काचेची टाकी चालूच होती. कल्याणला रंगीत माशांच्या दुकानात तो कामाला होता. तिथून काचा आणून टाकी त्यानं घरीच जोडली होती. वरच्या टाकीत दोन गोल्डफिश. टेबलाखाली दुसरी, लहान टाकी. तिच्यात विटांचे तुकडे आणि स्पंज. वरचं जादा पाणी मागच्या काचेच्या तोंडातून खाली उतरायचं, विटांतून गाळून निघायचं आणि कूलरची छोटी मोटर ते नळीनं पुन्हा वर चढवायची.

जोडणी चालली होती तेव्हा त्याची आई ठकूबाई म्हणाली होती, "नदीत कुठं मोटर असती रं?"

"नदीला उतार हाय, आये. घराला नाय."

"मग नदीतच ठेवायचं व्हतं मासं."

"आनि तू कालवन केलं असतंस."

बाप कोंडीराम उकिडवा बसून बघत होता. त्याला कमळाकर म्हणाला, "बाबा, आपल्या खाचरासारखंच. पानी वाढलं की बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात." कोंडीरामला ते पटलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, कमळाकरचा फोटो टाकीमागच्या भिंतीला लागला, पाहुणे गेले. घरात मोटरचा आवाज तेवढा असायचा. सकाळी कोंडीराम पाण्यात चिमूटभर दाणे टाकायचा.

"हे जगवायचं," तो एकदा म्हणाला.

"व्हय," ठकूबाई म्हणाली.

भातकापणीच्या सुमारास पावसानं ओलावलेल्या बाकीच्या भिंती वाळल्या, टाकीमागची मात्र ओलीच दिसली. मोटरची नळी काठावरून आत वळून पार तळापर्यंत गेली होती. पाण्याच्या रेषेलगत तिला बारीक भोक होतं आणि त्यातून पिचकारी उडत होती. खेकडा बांधाला भोक पाडतो. ते दिसलं की हातातलं काम टाकून चिखलानं बुजवायचं, नाहीतर सकाळी खाचर कोरडं. कोंडीरामनं उभा जन्म हेच केलं होतं. फोटोपुढच्या मेणबत्तीचं मेण त्यानं बोटांनी मळलं, भोक बुजवलं, वरून चिंधी आवळली. पिचकारी थांबली. मग दोघं कापणीला गेली.

दुपारी परत आली तेव्हा लाइट गेलेली होती आणि उंबऱ्यावरून पाणी बाहेर येत होतं. सारवलेल्या जमिनीचा चिखल झाला होता. खालची टाकी काठोकाठ भरून वाहिली होती. वरच्या टाकीत खडे उघडे पडले होते आणि त्यांवर दोन्ही मासे आडवे. एकाचं तोंड हलत होतं. ठकूबाईनं हंडाभर पाणी ओतलं. तो पाण्यावर कुशीवर तरंगला, आणि थोड्या वेळानं तोंड हलायचं थांबलं.

कोंडीराम नळीकडे बघत राहिला. डब्यातून नळीनं रॉकेल ओढलं की नळी बाहेर काढेपर्यंत ते थांबत नाही. इथंही तेच झालं होतं. मोटर बंद पडली आणि वरचं पाणी त्याच नळीतून उलटं खाली आलं. त्यानं चिंधी सोडली, मेण नखानं काढलं. भोक गोल होतं, तापवलेल्या सुईनं मुद्दाम पाडलेलं. खेकड्याचं असं नसतं.

मासे त्यानं परसात पुरले. संध्याकाळी लाइट आली. विहिरीचं पाणी आणून त्यानं टाकी भरली, मोटर चालू केली. पिचकारी उडाली. मग त्यानं स्वतःच बटण बंद केलं. वरचं पाणी जरासं उतरलं. भोकानं हवा ओढली, नळीत गुळगुळ झाली आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

"आता कुनासाठी?" ठकूबाईनं विचारलं.

"बघतोय."

"काय?"

"थांबतंय."

त्यानं बटण पुन्हा चालू केलं. भिंत ओली व्हायला लागली. ठकूबाईनं कमळाकरचा फोटो त्या भिंतीवरून काढला आणि समोरच्या भिंतीला लावला.