दामूचा दम

सातपाटीच्या हुतूतू संघात दामूला सगळे ‘भाता’ म्हणायचे. एकदा ‘हुतूतू’ म्हणत समोरच्या अंगणात शिरला की तिकडची पोरं वाट बघून कंटाळायची, पण लोहाराच्या भात्यासारखा ह्याचा दम काही सरायचा नाही. वय सोळा. दुःख एकच, मिशी. वरच्या ओठावर नुसती लव होती, आणि बाजारातल्या बाया अजून त्याला ‘बाळा’ म्हणून हाक मारत.

१९६६ सालच्या गणपतीत त्याचा चुलतभाऊ एकनाथ गावी आला. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथं तो ट्रकवर क्लीनर होता आणि बोईसरला खोली घेऊन राहत होता. अंगात टेरिलिनचा शर्ट, बोलण्यात निम्मं हिंदी आणि बोटांत सिगारेट.

“ओढ रे. मरद बन जायेगा,” तो म्हणाला.

दामूनं ओढली. समोरची खाडी आधी उभी राहिली, मग आडवी झाली, आणि सकाळची भाकरी बाहेर आली. शहाणा मुलगा तिथंच थांबला असता. दामू जिद्दीचा. रोज थोडा थोडा सराव करून तीन आठवड्यांत तो न ओकता ओढायला शिकला. दिवाळीपर्यंत दिवसाला चार व्हायला लागल्या. मिशी होती तिथंच होती.

घराभोवती चहूकडे बोंबील वाळत असल्यामुळे वासाची त्याला काळजी नव्हती. आई गोदूबाई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तिनं एकदोनदा खोकल्याचं विचारलं, तेव्हा “बरफातला माल उचलतो ना आये, सर्दी हाय,” म्हणून त्यानं वेळ मारून नेली.

दिवाळीनंतर पालघरला सामने भरले. शेवटचा सामना वाणगावशी. खेळ संपायला आला तेव्हा वाणगाव एका गुणानं पुढं होतं आणि त्यांच्या अंगणात चारच गडी उरले होते. सातपाटीकर निवांत होते. अजून भात्याची चढाई बाकी होती.

दामू शिरला. “हुतूतूतूतू...” एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला. तिसऱ्यानं पाय धरला. हे रोजचंच होतं; पायाला लटकलेला गडी ओढत रेषेपर्यंत यायचं. दामूनं नेट लावला आणि हुतूतूचं मधेच काहीतरी झालं. “हुतू... हु... खु... खुक्!” मग जो खोकला सुटला तो थांबेचना. डोळे पांढरे झाले. पाय धरणारा वाणगावचा गडी इतका घाबरला, की पाय सोडून त्याची पाठ चोळायला लागला.

“पानी आना रे! कोनी तरी पानी आना!”

दामू वाकला आणि चड्डीच्या खिशातून सिगारेटचं पाकीट पडलं. मागोमाग काडेपेटी.

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन गोदूबाई कडेला उभी होती. ती सरळ मैदानात शिरली.

“बाई, बाहेर व्हा,” सफाळ्याचे रामनाथ मास्तर पंच होते, ते ओरडले. “खेळ चालू आहे!”

“तेची चढाई झाली, मास्तर. आता माजी हाय.”

तिनं लेकाची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला. मग त्याला कानाला धरून एसटीपर्यंत नेलं. वाणगाव जिंकलं.

घरी आल्यावर तिची सरबत्ती सुरू झाली. ऐकून ऐकून दामू शेवटी म्हणाला, “आनि तू मिश्री लावतस ती? ती पन तंबाकूच ना?”

बाप पुंडलिक जाळं शिवत होता. त्याचा हात जागच्या जागी थांबला.

गोदूबाईनं कमरेची मिश्रीची डबी काढून हातात धरली. मग म्हणाली, “धा वर्सांची होती मी. गंमत म्हनून आयशीची डबी चोरली. ती आजून हातातून सुटली नाय.”

“मग सोड.”

“सोडते. तू पन सोड. बघू कोन टिकतो.”

पुढचे दिवस घराला जड गेले. तिसऱ्या दिवशी पापलेट घ्यायला आलेल्या जुन्या गिऱ्हाईकाला गोदूबाई “नको घेऊस, जा!” म्हणाली. दामूनं नखं खाल्ली, नखं संपल्यावर घरातला सगळा गूळ खाल्ला. मायलेक मिठावरून भांडले. पुंडलिकनं ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच होडी बाहेर काढली. “दर्यावर निदान वाऱ्याचंच आयकावं लागतं,” तो म्हणाला.

एकनाथ पुन्हा आला. त्यानं पाकीट पुढं केलं. दामूचा हातही पुढं गेला, तेवढ्यात त्याला पाठ चोळणारा तो वाणगावचा गडी आठवला आणि लाजेनं तो पळत सुटला.

नवव्या दिवशी दामू बोंबील काढायला गेला, तर वाळवणाच्या काठ्यांआड आई बसलेली. मांडीवर डबी. काळं बोट दातावर तसंच थांबलं.

ह्या क्षणाची दामू नऊ दिवस वाट बघत होता. पण आईचे डोळे भरले, तेव्हा त्याला जिंकल्यासारखं काही वाटेना.

“तुजं दोन म्हयन्यांचं रोप हाय, उपटून निगालं,” ती म्हणाली. “माजा माड झालाय रे.”

तो तिच्याशेजारी बसून राहिला.

नंतर गोदूबाईनं आणखी दोनदा मिश्री सोडली आणि दोनदा धरली. दामूनं मात्र सिगारेटला पुन्हा हात लावला नाही. खोकला जायला माघ उजाडला.

शिमग्याच्या सुमारास संघातला धाकटा गडी चिंतू त्याला म्हणाला, “एकनाथ मला पन देतोय. घेऊ काय?”

दामूनं त्याला हाताला धरून घरी आणलं आणि आईपुढं बसवलं.

“आये, ह्याला सांग.”

गोदूबाईनं मासळीची पाटी बाजूला सारली आणि सांगायला सुरुवात केली. चिंतूची सुटका झाली तेव्हा त्याला सिगारेटच काय, समोर ठेवलेला चहाही नकोसा झाला होता.