मुहूर्ताची फाइल

"सही करा मावशी, म्हणजे विषय संपला," असं म्हणत गौरांगने कागद प्रमोदिनीच्या टेबलावर ठेवला आणि वर स्वतःचं पेनही काढून दिलं.

मावशी म्हणाला म्हणजे काम होतं. काम नसलं की तिची मॅडम व्हायची. गौरांगच्या वडिलांनी धरमपेठेत दोन खोल्यांत ही सॉफ्टवेअर कंपनी काढली तेव्हापासून, म्हणजे तेवीस वर्षं, प्रमोदिनी इथे होती. शाळेच्या गणवेशात येऊन तिच्या डब्यातली पोळी खाणारा मुलगा आता मालक झाला होता आणि ती अजून 'सपोर्ट'च होती. दुसऱ्यांनी बिघडवलेलं निस्तरायचं आणि आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

कागदावर लिहिलं होतं की वाडीच्या गोदामवाल्यांसाठी बनवलेल्या पाच ऑनलाइन सेवांपैकी पाचवीवरची, आत शिरायला लागणाऱ्या किल्लीची तपासणी चाचणी विभागातल्या हर्षाने बंद केली आणि परत सुरू केली नाही; त्यामुळे अकराशे ट्रकड्रायव्हरांची नावं, मोबाइल आणि लायसन्सचे नंबर उघड्यावर आले. खाली तपासणारी म्हणून प्रमोदिनीचं नाव टाईप करून तयार होतं.

तपासल्याशिवाय सही कशी करू, असं तिने विचारलं.

"तपासायचं काय त्यात? गोदामवाल्यांना चारच्या आत उत्तर पाहिजे. ती कॉन्ट्रॅक्टवर आहे, तिला दुसरं काम भेटून जाईल. तुम्ही कशाला टेन्शन घेऊन राहिल्या?"

तो गेल्यावर तिने हर्षाला बोलावलं. हर्षा खापा गावची, वाडीत खोली करून राहणारी, कामावर लागून जेमतेम महिना झालेली. तिचे काका चंपतराव वाडीतच ट्रक चालवत. त्यांना कर्ज देऊ म्हणणाऱ्या भामट्यांचे फोन येऊ लागले आणि समोरचा माणूस त्यांचा लायसन्स नंबर घडाघडा म्हणून दाखवायचा. हर्षाला शंका आली. तिने आपल्या मोबाइलवरून, कुठलीही किल्ली न देता, पाचव्या सेवेचा पत्ता उघडला, तर सगळी यादी समोर. तिने लगेच गौरांगला कळवलं. शाबासकी राहिली बाजूला, दुसऱ्या दिवशी तिच्याच हातात नोटीस पडली, वर पोलिसांत देण्याची धमकी.

"मॅडम, मी काहीच बंद नाही केलं," हर्षा म्हणाली. "काकाले फोन येऊन राहिले होते म्हणून पाह्यलं. सांगतलं, हाच गुन्हा झाला का माह्या?"

चोर दाखवणाऱ्यालाच चोर ठरवायचं, आणि त्यावर सही आपली. प्रमोदिनीने कागद बाजूला सरकवला, कूलर पोरीच्या बाजूला वळवला आणि म्हणाली, "बस वं इथंच. दोघी मिळून पाहू."

क्लाउडवर पाच सेवा होत्या: भाडेदर, गाड्या, माल, गेट आणि ड्रायव्हर. प्रत्येकीच्या दारात पहारा देणारा एक प्रोग्रॅम, आणि त्याच्यापाशी त्या दाराचे नियम. किल्ली म्हणजे कंपनीने दिलेला लांबलचक गुप्त नंबर. तो दाखवेल त्यालाच आत सोडायचं. फक्त भाडेदर सगळ्यांसाठी खुले होते, ते कुणीही पाहावेत म्हणूनच ठेवलेले.

किल्ली न देता तिने एकेक दार ठोठावलं. गाड्या, माल, गेट, तिघांनी नकार दिला. ड्रायव्हरच्या सेवेने मुकाट्याने यादी ओतली. तिचे नियम उघडले, तर तिथे स्वच्छ लिहिलं होतं की किल्ली हवीच. नियम पुन्हा चढवले. दार तरी सताड उघडंच. जेवणाची वेळ टळून गेली, डबा तसाच राहिला. शेवटी तिने कुठल्या सेवेला किती कॉल, म्हणजे माहितीच्या मागण्या, आल्या त्याची नोंद काढली. ड्रायव्हरच्या नावावर सुरुवातीपासून एकही कॉल नव्हता, आणि भाडेदरांच्या नावावर अपेक्षेच्या दुप्पट.

"असं कसं?" हर्षा म्हणाली. "आत्ताच तर आपण दहादा उघडली."

तिथे प्रमोदिनीच्या लक्षात आलं. पाचव्या दारातला पहारेकरी पहिल्या दाराचे नियम घेऊन उभा होता आणि येणारे सगळे कॉल पहिल्याच्याच नावावर मांडत होता. तू ड्रायव्हरांच्या दारात आहेस, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने त्याची फाइल उघडली. सेवेच्या नावापुढे 'भाडेदर' होतं. तारीख अक्षय तृतीयेची, वेळ अकरा अडतीस, आणि फाइल चढवणाऱ्याचं नाव प्रमोदिनी.

तो दिवस तिला लख्ख आठवला. सेवा सुरू करायला गुरुजींनी अकरा चाळीसचा मुहूर्त काढून दिला होता आणि पाचवीची फाइल तयार नव्हती. हातात नारळ घेऊन गौरांग म्हणाला होता की पहिलीचीच कॉपी मारा मावशी, मुहूर्त टळायला नको. तिने कॉपी मारली, पत्ता बदलला, नाव तसंच राहिलं. दोन दिवसांनी, ती फाइल एकदा नजरेखालून घालू द्या, असं तिने मेलवर विचारलंही होतं. 'चालतंय ना? मग हात लावू नका,' हे त्याचं उत्तर अजून जपलेलं होतं. आणि तिने हात लावला नव्हता.

तिला गौरांगचा संताप आला आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. तेवीस वर्षं मान हलवायची सवय लागली की अकराशे माणसांचं दार उघडं राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बरं, हर्षा तर त्या मुहूर्तानंतर पंधरा दिवसांनी कामावर लागली होती. खोटा कागद करणाऱ्याने तारीख पाहण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

तिने एक नाव बदललं आणि फाइल चढवली. पाचव्या दाराने पहिल्यांदा नकार दिला.

"झालं, मॅडम?"

"दाराचं झालं. कागदाचं राहिलं."

तिने नवा अहवाल लिहिला. मुहूर्त, कॉपी, राहून गेलेलं नाव, गौरांगचा मेल आणि चूक करणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. चार वाजायला दहा मिनिटं असताना तो गोदामवाल्यांना गेला, प्रत गौरांगला.

पाच मिनिटांत गौरांग आला. "मॅडम, तुम्हाला समजतं का काय करून बसल्या तुम्ही?"

मावशी संपली होती. प्रमोदिनीने त्याचा सकाळचा कागद, सही न करताच, त्याच्या पेनासकट परत केला. "नारळ तुम्ही फोडला, फाइल मी टाकली," ती म्हणाली. "ही पोरगी तेव्हा इथे नव्हतीच."

उद्यापासून येऊ नका, एवढंच तो बोलला. तिने सकाळचा डबा उचलला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाचा मेसेज आला. नोटीस वापस घेतली, गोदामवाल्यांनीच फोन केला होता. खाली लिहिलं होतं, 'पण मॅडम, तुमाले काहून काढलं?'

प्रमोदिनीने मोबाइलवर पाचव्या सेवेचा पत्ता उघडला. किल्लीशिवाय नकार आला. मग तिने तेवीस वर्षांच्या नोकरीत मिळालेली स्वतःची किल्ली घातली. ही किल्ली रद्द आहे, असं उत्तर आलं. तिने ते दोनदा वाचलं, पदराने चष्मा पुसला आणि हर्षाला लिहिलं:

'किल्लीशिवाय: नकार. रद्द केलेली किल्ली: नकार. दोन्ही बरोबर. चाचणीत नोंद करून ठेव.'