धबधब्याची वाट

कॉलेजच्या पोरांनी धबधब्याची सहल ठरवली आणि वीस डबे सांगायला खानावळवाल्या साधनाबाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा सर मोबाइलवरचा नकाशा दाखवत होते, नाल्याच्या काठानं सरळ वर.

"गुडघाभर गाऱ्यात फसून जासान, सर!" साधनाबाई कडाडल्या. पंधरा पावसाळे काटवलांच्या रानभाजीसाठी ते रान पालथं घातलेली बाई ती. त्यांनी खडू मागून घेतला आणि फरशीवरच वाट काढली. मोहाची जोडझाडं, तिथून टेकडीची डावी बाजू, मग पाण्याचा आवाज नेईल तिकडे.

सरांनी यादी काढली आणि 'वाटाड्या'पुढे साधनाबाईंचं नाव लिहिलं.

"पण मावशी, डबे?" एका पोरीनं विचारलं.

साधनाबाईंनी हातावरचा खडू झटकला. "डबे तुमचे तुमी बांधा. मले साऱ्यायच्या समोर चालाचं हाय."